‘आर १५ आहे, बसतोय की’ : लीजच्या गाडीला चुकीच्या मापाचे टायर

सोलापुरात लीजच्या गाडीला टायर घालणार असाल, तर ‘आर १५ हाय न्हवं, मग बसतोय की ओ’ एवढ्यावर पैसे काढून देऊ नका. याच वाक्यावर माझ्याकडून चार टायरचे पैसे घेतले गेले. पुढे लीज कंपनीने माझ्यावर पैसे लावले ते वेगळेच.

गाडी नोकरीतून मिळालेली, आरसीवर लीज कंपनीचं नाव, हप्ता पगारातून कापला जातो. करारातल्या दोन अटी इथे नडल्या. टायर मूळ मापाचे आणि मूळ दर्जाचेच हवेत, ही एक. दुसरी, वर्षाच्या ठरलेल्या किलोमीटरच्या वर गेलात की प्रत्येक किलोमीटरला पैसे. माझं काम पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट, आणि अधूनमधून पुणे. किलोमीटर कायम काठावर असतात.

उन्हाळ्याच्या तोंडावर पुढचे दोन टायर गुळगुळीत झाले, म्हणून शहरातल्या एका बऱ्यापैकी चालणाऱ्या दुकानात गेलो. गाडीचं मूळ माप १८५/६५ आर १५, पुढे ८८ एच, म्हणजे टायर किती वजन आणि वेग झेलतो त्याची खूण. दुकानदाराने चारही चाकांवरून हात फिरवला आणि चारही गेले म्हणून सांगून टाकलं. मागच्या टायरची आतली कड अलाइनमेंटमुळे खाल्लेली होती, तेवढीच बॅटरी मारून दाखवली. नक्षीच्या खाचेत १.६ मिलिमीटर उंचीचे आडवे उंचवटे असतात. टायर तिथवर झिजला की बदलायचा. मागचे दोन्ही त्याच्या बरेच वर होते. तसं म्हणालो, तर उत्तर आलं, “साहेब, आपल्याकडचं ऊन माहीताय न्हवं? टेंभुर्णीच्या पुढं फुटला तर मला फोन करू नका.” सोलापूरच्या माणसाला उन्हाची भीती घालायला फार कष्ट पडत नाहीत.

मग खरा डाव. “पासष्टचा माल कंपनीनं बंद केलाय. आता सगळे साठच घालायलेत. लुक बी येतो, गाडी रोडला चिकटून चालती.” असं म्हणत १८५/६० आर १५ चढवले, दर मात्र पासष्टचा लावला. बंद वगैरे काही झालेलं नव्हतं. तेच माप नंतर मला दुसऱ्या दुकानात रॅकवर रचलेलं दिसलं.

साठ आणि पासष्टमध्ये असं काय मोठं, असं वाटेल. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के टायरची बाजू उंच आहे. शेवटचा रिमचा व्यास इंचात. दुकानदार बोट ठेवतो तो नेमका शेवटच्या आकड्यावर, कारण तो जुळला की टायर रिमवर बसतोच. पण १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. त्यात वरची-खालची बाजू मिळवली की मूळ टायरचा व्यास ६२१.५ येतो आणि साठवाल्याचा ६०३. चाक तीन टक्क्यांनी लहान झालं, म्हणजे तेवढ्याच अंतराला जास्त फेरे. गाडीचं मीटर रस्ता मोजत नाही, फेरे मोजतं. सोलापूर-पुणे २५० किलोमीटर धरलं तर मीटरवर साधारण २५८ पडतात. वर्षाला २०,००० चालवलं तर सहाशेच्या वर किलोमीटर न चालवताच चढतात, आणि लीजमध्ये त्यांचे पैसे तुमच्याकडून घेतले जातात. स्वतःच्या गाडीत हे कदाचित कळणारही नाही.

उलट बाजूने गंडवणारेही आहेत. “मोठा घाला, मीटर कमी पडंल, लीजचे किलोमीटर वाचतील.” २०५/६५ घातला तर हिशेबाने मीटर ताशी १०० चा वेग दाखवतं तेव्हा गाडी १०४ च्या आसपास असते. चलन आलं की वाचलेले किलोमीटर त्यातच जातात. आणि करार मोडायचा तो मोडतोच.

मला सर्वात जास्त राग आला तो वजनाच्या आकड्याचा, म्हणजे लोड इंडेक्सचा. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो. मला घातलेल्यांवर ८४ होतं, म्हणजे ५०० किलो. चार चाकांत २४० किलोचा फरक. घरची माणसं आणि सामान भरून तुळजापूरला निघालो की त्याच उन्हात, त्याच डांबरावर हे कमी क्षमतेचे टायर तापणार. ज्याने उन्हाची भीती घालून चार टायर विकले, त्यानेच हे केलं. डिक्कीतली स्टेपनी मूळ मापाची राहिली ती वेगळीच. पंक्चर झालं की पुढच्या एका बाजूला मोठं चाक, दुसऱ्या बाजूला लहान.

टायरच्या बाजूला ‘डॉट’ (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात, ते टायर कधी बनला ते सांगतात. माझ्या टायरवर २३२२ होते, म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. ताजा माल म्हणून तीन वर्षांहून जुना टायर. आणि मागचे दोन चांगले टायर ‘एक्स्चेंज’मध्ये किरकोळ रकमेला ठेवून घेतले. ते लीज कंपनीचे होते, त्याचाही हिशेब मला द्यावा लागला.

हे सगळं बाहेर आलं लीज कंपनीच्या तपासणीत. त्यांच्या माणसाने ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचं माप वाचलं, टायर वाचला, फोटो काढला. चारही टायर बदलून द्या, नाहीतर आम्ही बदलून रक्कम लावू, असं कंपनीने कळवलं.

दुकानात गेलो तर बिलच पुढे सरकवलं. बिल पक्कं होतं. ते मी हट्टाने घेतलं होतं, कारण कच्च्या बिलावर ‘जीएसटी २८ टक्के वाचवून देतो’ म्हणत होता. टायरवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्केच आहे. पण बिलावर लिहिलं काय, तर ‘टायर, आर १५, ४ नग’ आणि एचएसएन, म्हणजे जीएसटीतला मालाचा कोड, ४०११. हा कोड कुठल्याही नव्या टायरला लागतो. पूर्ण माप नाही, लोड इंडेक्स नाही, डॉटचे आकडे नाहीत. “तुमीच साठ मागितले असतील,” म्हणाला.

आता नवे टायर घेतले तेव्हा या तिन्ही गोष्टी बिलावर लिहून घेतल्याशिवाय जॅक लावू दिला नाही. दुकानदार कुरकुरला, पण लिहून दिलं.

पहिल्या दुकानाबद्दल १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, सोबत दाराजवळच्या स्टिकरचा आणि टायरचा फोटो जोडला. त्यानंतर दुकानातून निम्मे पैसे परत देतो असा निरोप आला, अट एकच, तक्रार मागे घ्यायची आणि ‘ग्राहकाच्या मागणीनुसार टायर दिले’ या कागदावर सही करायची. सही केलेली नाही. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते, कागद तयार करतोय.