‘मामा मिया’: पहिला भाग की उत्तरभाग?

एका संध्याकाळी एकच चित्रपट पाहायचा असून २००८ चा ‘मामा मिया’ की २०१८ चा उत्तरभाग, असा पेच पडला असेल, तर कथा, गाणी आणि भावना या कसोट्या पुरेशा आहेत. कथेत पहिला सरस आहे; सोफीच्या लग्नाला आलेल्या तिघांपैकी तिचे वडील कोण, ही उत्सुकता तो टिकवतो. ‘ॲबा’ या स्वीडिश पॉप गटाची बरीच लोकप्रिय गाणीही त्यानेच आधी वापरली. भावनेत मात्र उत्तरभाग माझ्या मते खूपच पुढे जातो, कारण सोफीची दिवंगत आई डोना हिचे तारुण्य आणि सोफीचे गरोदरपण तो शेजारी शेजारी मांडतो, आणि त्यामुळे हलक्याफुलक्या गाण्यांनाही वेगळी खोली येते. निखळ धमाल हवी असणाऱ्यांनी पहिला पाहावा. तो पाहिलेल्या आणि मायलेकींच्या नात्यात रमणाऱ्यांनी उत्तरभाग निवडावा.