नाटकाची डिग्री, दहा महिने झाले

घर गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशापासून थोडं आत, धानाच्या पट्ट्यात. गेल्या जुलैत बीएला नाटक हा मुख्य विषय घेतला तेव्हा बाबा म्हणाले, "नाटक शिकाले कालेजात जाते का कोनी?" चुकीचं नव्हतं. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भागात, दिवाळी ते होळी गावोगाव रात्रभर नाटक चालतं. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत म्हटली की नाटक आलंच. मीही दोन सीझन छोटी कामं केली होती.

तरी गेलो, कारण नव्या शैक्षणिक धोरणातली सवलत. एक वर्ष करून थांबलं तर प्रमाणपत्र, दोनवर पदविका, तीनवर पदवी, चौथं केलं तर ऑनर्स. मिळवलेले क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचे श्रेयांक, ७ वर्षांपर्यंत जमा राहतात. एक पीक बुडालं की ज्याच्या घरी फी अडते, त्याला याची किंमत कळते. पण पहिल्याच वर्षी बाहेर पडायचं तर ४ क्रेडिटचा जादा कौशल्य कोर्स किंवा इंटर्नशिप लागते. प्रवेश घेताना हे कोणी बोललं नाही, मला नंतर पत्रकात सापडलं.

शिकवणं? आवाजाच्या तासासाठी मी पुन्हा फी भरीन. आमच्याकडे स्टेजवर वरून माईक लटकलेले असतात, त्यामुळे वाक्य आलं की पाय आपोआप माईकखाली जातात. पहिल्याच प्रॅक्टिकलला सरांनी विचारलं, "तू दर वाक्याला मधे येऊन का उभा राहतोस? वर काय आहे?" वर पंखा होता. सगळा वर्ग हसला. मग महिनाभर पोटातून श्वास, भिंतीकडे तोंड करून एकच वाक्य. फेब्रुवारीत एका गावी ऐन प्रवेशात माईक गेला आणि मी जागचा हललो नाही. शेवटच्या रांगेतून शिट्टी आली. वाक्यं पुरवणारे प्रॉम्प्टरकाका नंतर म्हणाले, "आज मले तं कामच नाही ठेवलं बापू."

थिअरी ठीकठाक. भरताचे चार अभिनय, १८४३ चं सांगलीतलं विष्णुदास भाव्यांचं 'सीता स्वयंवर', सगळं आहे. झाडीपट्टीला मात्र नोट्समध्ये दीड ओळ. झाडीपट्टीचे नट परशुराम खुण्यांना २०२३ ला पद्मश्री मिळाली, ते आमच्याच जिल्ह्याचे, त्यांचं नावही नाही.

खरी बोंब वेळापत्रकाची. प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास, तिथे हजेरीत सूट नाही. परीक्षा आली ती धानकापणी आणि सीझन दोन्ही अंगावर असताना. सात खेळ सोडले, म्हणजे तेवढ्या रात्रींचं मानधन गेलं. मग सीझनलाच इंटर्नशिप धरा असा अर्ज दिला. ऑफिसात म्हणाले, कंपनीचं लेटरहेड आणा. आमच्या मालकाकडे पावतीपुस्तक आहे, लेटरहेड कुठलं! शेवटी पावतीच्या मागच्या बाजूला "सदर मुलाने २२ खेळ केले" असं लिहून, सही-शिक्का मारून दिलं त्यांनी.

घ्यायचं असेल तर प्रवेशाआधी परीक्षेच्या तारखा विचारा. आणि हो, ती पावती अजून क्लार्कसाहेबांच्या टेबलावर आहे, पेपरवेटखाली. परवाच पाहून आलो.