स्टुडंट मायक्रोस्कोप आणि पीयूसी बायोलॉजी, तीन महिने वापरून लिहितेय

माझा धाकटा भाऊ यंदा पीयूसी फर्स्ट इयर सायन्सला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावीला आहे. दहावीपर्यंत मराठी शाळा, तिथं पेशी नि केंद्रक शिकला, आता कॉलेजात सगळं सेल नि न्यूक्लियस, आणि बेंचवरचा दोस्त कन्नड मीडियमचा, तो त्यालाच जीवकोश म्हणतोय. पाठ सगळं होतं पण म्हणजे काय ते कळंना. लॅबमध्ये एका मायक्रोस्कोपवर सात-आठ पोरं, डोळा लावतोय न लावतोय तोवर मागचा ढकलतोय. म्हणून बेळगावातल्याच एका लॅब सामानाच्या दुकानातनं घरी एक घेतला, साडेचार हजाराला, अंबाल्याचा माल आहे.

ऑनलाइन '१२०० पट' लिहिलेले प्लास्टिकचे स्वस्तात मिळतात, ते घेऊ नका. पट वाढले म्हणून बारीक दिसतंय असं नसतंय, साध्या उजेडाच्या मायक्रोस्कोपमध्ये साधारण ०.२ मायक्रोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन ठिपके वेगळे दिसतच नाहीत. आमचा आयपीस (डोळ्याजवळची लेन्स) १० चा आणि ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळच्या लेन्स) ४, १० आणि ४० चे, गुणाकार केला की ४० ते ४०० पट. पीयूसीला एवढं भरपूर झालं.

पहिल्या दिवशी पेपरातलं एक अक्षर कापून ठेवलं, ते उलटं दिसलं आणि स्लाइड डावीकडं सरकवली की चित्र उजवीकडं. हे आधी करून घ्याच, नाहीतर पोरं पेशी शोधत बसतात. फोकस नेहमी ४ वर सुरू करायचा, ४० वर गेलं की मोठ्या नॉबला हात लावायचा नाही, लेन्स खाली येऊन कव्हर स्लिप (स्लाइडवर ठेवायची पातळ काच) फुटते, आमच्या दोन फुटल्या.

मग कांदा. फोडीच्या आतल्या बाजूची पातळ साल, सॅफ्रॅनिनचा (लाल रंगाचा) एक थेंब, कव्हर स्लिप तिरकी टेकवून हळू सोडायची म्हणजे बुडबुडे येत नाहीत. विटा रचल्यासारख्या पेशी आणि त्यात गडद ठिपका, केंद्रक! भाऊ म्हणाला, आक्का, झाडाची पेशी आहे तर हिरवी कशी नाही? कांदा जमिनीत असतोय, तिथं अन्न तयार होत नाही म्हणून हरितलवक नाहीत. हा प्रश्न त्याला पुस्तकातनं कधीच पडला नसता.

सगळ्यात भारी मिठाचं झालं. लाल कांद्याची वरची जांभळी साल घ्या, रंग लावायलाच लागत नाही, बाजूनं मिठाचं पाणी सोडा आणि बघत राहा, जांभळा भाग आकसून भिंतीपासून सुटतो, भिंत मात्र आहे तशीच, परत साधं पाणी घातलं की हळूहळू फुगतो. पेशीभित्तिका वेगळी आणि पटल वेगळं हे दोन वर्षं पाठ केलेलं दोन मिनिटात डोळ्यासमोर. आई मागनं बघत होती, म्हणाली लोणच्याच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटतंय तेच की हे. तेच!

गालाच्या आतली पेशी मिथिलीन ब्ल्यूनं बघितली, वेड्यावाकड्या, भिंत नाही, मध्ये निळं केंद्रक. पण मायटोकाँड्रियासारखे पेशीतले बारीक भाग शोधू नका, पुस्तकातल्या आकृतीत सगळं ठळक काढलेलं असतंय म्हणून भाऊ तासभर शोधत होता. त्याला वेगळा रंग आणि जास्त ताकद लागते, रायबोसोम तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपशिवाय दिसतच नाही.

तक्रार एकच, बारीक फोकसचा नॉब पहिल्या महिन्यातच ढिला झाला, ४० वर चित्र आपोआप खाली घसरत होतं. दुकानदारानं लगेच आवळून दिला पण नव्या वस्तूत असं नको होतं, तुम्ही घेताना तिथंच ४० वर लावून पाच मिनिटं बघा. आणि आरसावाला असेल तर खिडकीचा उजेड घ्या, थेट सूर्याकडं फिरवू नका, डोळा जाईल. पाचपैकी चार स्टार. कव्हर स्लिपच्या मात्र दोन डब्या घ्या.