तोक्योतला रोजचा भाजीबाजार: दीड वर्षानंतर

मे 2024 मध्ये तोक्योच्या निशिकासाई भागात राहायला आलो. तेव्हापासून रोजचा बाजार स्टेशनवरून घरी येताना लागणाऱ्या एकाच सुपरमार्केटातून करते. नव्याने येणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहिते आहे.

शाकाहारी असाल तर आधी हे वाचा. पहिला महिनाभर मी ज्या मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचं) सूप घरात करत होते, त्यात मासा होता. पाकिटावरचा ॲलर्जीचा चौकोन मी फोनवर भाषांतर करून तपासला होता. पण त्यात लिहायची सक्ती तेव्हा फक्त 8 पदार्थांची होती: अंडी, दूध, गहू, सोबा (बकव्हीट), शेंगदाणे, कोळंबी, खेकडा, अक्रोड. ‘कात्सुओ’ मासा त्यात नाहीच. कळलं त्या रात्री मला जेवण गेलं नाही. ‘दाशी-इरी’, म्हणजे दाशी (बहुधा माशाचा अर्क) आधीच घातलेला, असं लिहिलेला मिसो घेऊ नका, आणि लोणच्याच्या पाकिटावरसुद्धा घटकांची बारीक यादी वाचा. ‘कात्सुओ’ ही अक्षरं हिरागाना आणि काताकाना या दोन्ही जपानी लिप्यांत ओळखायला शिका, एका संध्याकाळचं काम आहे.

भाजी मात्र मन भरून टाकते. मुळा मनगटाहून जाड, अर्धा कापूनही मिळतो. पानांकडचा भाग गोड, शेंड्याकडचा तिखट. मी वरचा अर्धा कोशिंबिरीला घेते आणि खालचा पराठ्याला. कोमात्सुना ही पालेभाजी तर आमच्याच एदोगावा वॉर्डातली, कोमात्सुगावा या गावावरून नाव पडलेली. डाळ-दाणे घालून तिची पातळ भाजी करते, मुलं पालकापेक्षा आवडीने खातात. कोथिंबीर मात्र चार काड्यांची, तीही महाग. वाटणाची कोथिंबीर, पोहे, डाळी यांसाठी इथल्या भारतीय दुकानांतच जावं लागतं.

किमतीचं एक: मोठ्या आकड्यात दिसते ती कराआधीची. 198 येनचं पाकीट 8 टक्के कर धरून 213 ला पडतं. तांदळाने खरा घाम काढला. ऑगस्ट 2024 मध्ये फळ्या रिकाम्या दिसल्या आणि 2025 च्या वसंतात 5 किलोची पिशवी 4,000 येनच्या वर गेली. आमच्याकडे दोन्ही वेळा भात, त्यामुळे रात्री पोळ्या सुरू केल्या.

संध्याकाळी सातच्या सुमारास आमच्या दुकानातला माणूस सवलतीची लेबलं चिकटवत फिरतो. आधी वीस टक्के, मग तीस, शेवटी ‘हानगाकु’ म्हणजे निम्मी किंमत. तोफू आणि ब्रेड मी तेव्हाच घेते. तारखा दोन प्रकारच्या असतात. ‘शोहि-किगेन’ उलटली तर खाऊ नका. ‘शोमि-किगेन’ फक्त चवीची आहे, नंतरही पदार्थ चालतो. लेबल लागण्याआधी वस्तू टोपलीत धरून ठेवणं आणि मग त्या माणसाला लेबल लावायला सांगणं इथे वाईट दिसतं, तेवढं सांभाळा.

निवडून, चार पेंढ्या उलटसुलट करून घेण्याची सवय मात्र सुटत नाही. सगळं प्लास्टिकात बंद, भाजीवालीशी दोन शब्द नाहीत. आणि सुपरमार्केटातल्या मुळ्याला पाला नसतो, याचं मला सर्वांत वाईट वाटायचं. मग सायकलवर फिरताना शेताच्या कडेला एक फळी सापडली: भाजीच्या पिशव्या, पैसे टाकायला डबा, राखायला कुणी नाही. शंभर येनला पाल्यासकट मुळा, मुळांना माती लागलेली. हिवाळ्यात शनिवारी सकाळी नऊच्या आत गेलं तरच उरलेला असतो.