पालवी फुटलेल्या काड्या, रोपांच्या भावात

बागेसाठी घाऊक रोपं घ्यायची आहेत आणि कुणी ‘नर्सरीच्या निम्म्या भावात, घरपोच, जगण्याच्या हमीसह’ म्हणतंय? मग पैसे पाठवण्याआधी एवढं वाचा. आम्हाला घरापुढच्या मोकळ्या जागेत बाग करायची होती. कुंपणालगत बोगनवेल आणि जास्वंदीची रांग, मध्ये थोडे गुलाब, मागच्या बाजूला आंब्याची कलमं. रांगच्या रांग लावायची म्हटली की प्रत्येक रोपामागे वाचणारा थोडासा पैसाही बेरजेत मोठा दिसतो, आणि असले विक्रेते नेमकं त्याच बेरजेवर जगतात.

माणूस बोलायला गोड होता आणि माहितगारही. ऊन किती लागेल, खड्डा किती खोल घ्यायचा, हे न विचारताच सांगत होता. पैसे मात्र पूर्ण आगाऊ, ‘गाडी भरायची असते ना ताई’ म्हणून. गाडी आली ती दिवेलागणीनंतर. ड्रायव्हरला पुढे जायची घाई. रोपं फाटकाशी उतरवली आणि गेला. तेव्हा वाटलं, वाटेत उशीर झाला असेल. आता वाटतं, त्या गाड्या अंधारातच येत असाव्यात.

रोपं दिसायला वाईट नव्हती, हे मुद्दाम सांगते. वाळकी, पिवळी रोपं कुणीही परत करेल. यांना कोवळी पोपटी पालवी होती, काही बोगनवेलींना तर फुलंसुद्धा. लावली, आणि काही आठवडे ठीक चाललं. मग कडक ऊन पडलं आणि अख्खी रांग एकदम माना टाकून उभी. पाणी वाढवलं तर आणखी मरगळली. शेवटी माळीकाकांनी एक जास्वंद खोडाला धरून अलगद वर ओढली. उदबत्तीच्या घरातून उदबत्ती काढावी तशी ती हातात आली. खाली मुळांचा पत्ताच नाही. कात्रीने मारलेला तिरका काप तसाच्या तसा, कडेची साल काळी पडलेली, हाताला बुळबुळीत. ‘ही रोपं नाहीत ओ, काड्या खोचल्यात पिशवीत,’ काका म्हणाले, आणि शेजारची बोगनवेल उपसली. तीही तशीच.

यातली मेख अशी की फांदीच्या तुकड्यात अन्न साठवलेलं असतं. त्या जोरावर डोळे फुटतात, पानं येतात. मुळं मागून येतात, कधी येतच नाहीत. साठा संपला की पानांना पाणी पुरवणारं खाली कुणी नसतं. म्हणजे पालवी हा रोप जगल्याचा पुरावा नव्हेच, आणि विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. काडी फुटल्यापासून कोमेजेपर्यंतच्या मधल्या काळात माल खपवायचा, एवढाच त्याचा धंदा.

म्हणून रोप घेताना फुलांकडे नंतर बघा, आधी खोड बुंध्याशी धरून हलकेच उचला. मुळं धरलेली असतील तर मातीसकट पिशवी उचलली जाते. खोड डुगडुगलं किंवा नुसतंच वर आलं तर ते रोप सोडा. पिशवीच्या भोकांतून पांढरी मुळं डोकावत असतील तर उत्तम. पण मुळांनी आतल्या आत वेटोळी घालून पिशवीचाच आकार घेतला असेल, तर ते पडून राहिलेलं जुनं रोप आहे. घ्यायचंच झालं तर लावताना ती वेटोळी मोकळी करावी लागतात, फार गुंतली असतील तर कापावी लागतात.

उंचीचा खेळ वेगळाच. जाहिरातीत लिहिलेली उंची पिशवीच्या बुडापासून मोजलेली होती. काही पिशव्यांत तर चिमुकलं रोप नुकतंच मोठ्या पिशवीत हलवलेलं. वरची माती भुसभुशीत, आणि बोटाने उकरलं की आत जुन्या पिशवीच्या मापाचा चिकट मातीचा घट्ट गोळा. भाव मोठ्या पिशवीचा, रोप छोट्या पिशवीतलं.

आंब्याच्या ‘कलमां’वर चिकटपट्टी व्यवस्थित गुंडाळलेली होती. सोडवली, तर खाली खोड गुळगुळीत, जोडाची खूण नाही. कोयीपासून वाढवलेल्या रोपाला नुसती पट्टी बांधली होती. असं झाड फळ धरायला कलमापेक्षा कितीतरी वर्षं जास्त घेतं, आणि फळ सांगितलेल्या जातीचं निघेलच असंही नाही. खऱ्या कलमावर जोड दिसतो: तिथे खोड थोडं फुगलेलं असतं, वरच्या आणि खालच्या सालीत फरक असतो. गुलाबाच्या बाबतीत ‘सात पानांची फांदी म्हणजे जंगली’ असं सर्रास सांगतात. त्यावर विसंबू नका, चांगल्या जातींनाही सात पर्णिका, म्हणजे एका पानातली छोटी पानं, येतात. फांदी जोडाच्या खालून फुटली की वरून, तेवढं बघा. खालून फुटलेली फांदी खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधलंय त्या खालच्या झाडाची, ती मुळाशी काढायची.

त्याच माणसाच्या यादीत निळा गुलाबही होता. तो आम्ही घेतला नाही, पण घेणारे असतीलच. गुलाबात निळेपणा देणारं डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य मुळात तयारच होत नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने जनुकीय बदल करून तो गुलाब २००४ साली जाहीर केला, २००९मध्ये जपानमध्ये विकायला आणला, आणि त्याचाही रंग फिकट जांभळट. तेव्हा शाईसारखा निळाभोर गुलाब कुणी फोटोत दाखवला तर त्याची बाकीची यादीही तेवढीच खरी समजा. गडद निळं फॅलेनॉप्सिस ऑर्किडही बहुतेक वेळा रंग दिलेलं पांढरंच असतं. पुढच्या बहराला पांढरं फुलतं. निवडुंगावर गोंदाने सुकी फुलं चिकटवून विकणारेही आहेत.

स्वस्तात बाग होत नाही, असं मात्र नाही. प्रामाणिक स्वस्ताई लहान रोपांत असते. नीट मुळं धरलेलं छोटं रोप जमिनीत लवकर रुळतं, आणि पुष्कळदा मोठ्या महागड्या रोपाला गाठतंही. बोगनवेल, जास्वंद, तगर तर घरीच होतात: पेन्सिलीएवढी जाड, वीतभर काडी, त्यावर तीन-चार डोळे, सावलीत ठेवायची, आणि मुळं धरेपर्यंत हलवायची नाही. आम्हाला विकली ती हीच काडी, फक्त शेवटच्या पायरीआधीच गाडीत चढवलेली.

हमीचं काय झालं? पहिला फोन केला तर ‘ताई, पाणी जास्त झालं.’ पाणी कमी करून पुन्हा केला तर ‘पाणी कमी पडलं.’ उपटलेल्या काड्यांचे फोटो पाठवल्यावर नवी अट निघाली, की मेलेली रोपं आमच्या खर्चाने परत पाठवायची. त्यानंतर नंबर लागेना.

घाऊक माल मागवणारच असाल तर थोडी रक्कम आधी आणि उरलेली रक्कम रोपं तपासल्यावर, असं ठरवा. हे ज्याला मान्य नाही त्याच्याकडून घेऊ नका. गाडी उजेडी मागवा. उतरवतानाचा व्हिडिओ काढा, आणि वरवर चांगल्या दिसणाऱ्या रोपांपैकी कुठलीही दोन तिथेच पिशवी फाडून मुळापर्यंत बघा. मुळांवर गाठी दिसल्या तर तो सूत्रकृमीचा, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या बारीक कृमींचा, त्रास असू शकतो, तसली रोपं जमिनीत जाऊच देऊ नका. पानांच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर ती उतरवूनही घेऊ नका. ड्रायव्हर कुरकुरेल, उशीर होतोय म्हणेल. म्हणू द्या.