पेन्सिल सेलचा चार्जर घेताय? आधी बघा, तो थांबतो कशावरून

रिचार्जेबल पेन्सिल सेलच्या चार्जरच्या खोक्यावर ‘किती तासांत’ आणि ‘किती सेल’ हे ठळक छापलेलं असतं. सेल भरला हे त्याला कशावरून कळतं, ते बारीक अक्षरांत असतं किंवा मुळीच नसतं. स्वस्त आणि महाग चार्जरमधला खरा फरक मात्र तिथेच आहे.

मोबाइलच्या लिथियम-आयन बॅटरीचं काम सोपं. व्होल्टेज साधारण ४.२ पर्यंत न्यायचं, तिथेच धरून ठेवायचं, आणि आत जाणारा करंट आटून क्षमतेच्या दहाव्या-विसाव्या भागावर आला की बंद करायचं. आपल्या रिचार्जेबल पेन्सिल सेलला, म्हणजे निकेल-मेटल हायड्राइड सेलला, असा ठरलेला आकडा नाही. भरलेला सेल चार्जिंग चालू असताना १.४ व्होल्ट दाखवेल, १.५ही दाखवेल, सेल किती जुना, हवा किती गरम, करंट किती, यावर ते अवलंबून. मग खूण कोणती? सेल भरत आला की धन बाजूला ऑक्सिजन सुटू लागतो आणि ऋण बाजूला जाऊन जिरतो. या खटाटोपात वीज साठत नाही, तिची उष्णता होते. सेल तापतो आणि तापल्यामुळे त्याचं व्होल्टेज किंचित उतरतं. वाढती उष्णता आणि ही उतरण, एवढ्याच खुणा चार्जरच्या हाती असतात.

रात्रभर लावून ठेवायचा साधा चार्जर यांतलं काहीच बघत नाही. २००० मिलिअँपिअर-तासांच्या सेलला तो २०० मिलिअँपिअर देत राहतो, आणि तुम्ही १४-१६ तासांनी काढून घ्यायचं. थांबवणारे तुम्हीच. विसरलात तरी लगेच अनर्थ होत नाही, कारण भरलेल्या सेलमध्ये उष्णतेत जाणारी शक्ती जेमतेम ०.३ वॅट असते आणि तेवढी सेल बाहेर टाकू शकतो. पण दर आठवड्याला असं झालं तर त्याचं आयुष्य घटतं, आणि अर्धा भरलेला सेलही पुरे १६ तास लावला तर तेच.

टायमरवाला चार्जर याच्यापेक्षा हुशार वाटतो. मला तो सगळ्यांत कमी भरवशाचा वाटतो. सेलमध्ये आधी किती शिल्लक आहे हे त्याला माहीत नसतं, आणि करंट जास्त असेल तर ती चूक महाग पडते. त्यात आपल्याकडची खास अडचण: मध्येच लाइट गेली आणि आली की बऱ्याच टायमरांचं घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. लोडशेडिंगच्या गावात तीन-चार तास भरलेला सेल पुन्हा पूर्ण मुदतीसाठी शिजत बसतो.

‘स्मार्ट’ चार्जर व्होल्टेजची उतरण पकडतो. खोक्यावर त्याला ‘मायनस डेल्टा व्ही’ म्हणतात. जुन्या निकेल-कॅडमियम सेलमध्ये ही उतरण १०-२० मिलिव्होल्ट असायची, सहज सापडायची. निकेल-मेटल हायड्राइडमध्ये ती प्रतिसेल ५ मिलिव्होल्टच्या आसपास असते. म्हणून कपाटातला निकेल-कॅडमियमच्या काळातला जलद चार्जर या सेलना वापरू नका. त्याला ती दिसेलच असं नाही.

इथे एक उलटी गोष्ट ध्यानात घ्या. ‘हळू चार्ज केलेलं बरं’ हा सल्ला साध्या चार्जरला लागू आहे, स्मार्टला नाही. करंट क्षमतेच्या पाचव्या-चौथ्या भागाइतकाच ठेवला तर शेवटची उष्णता इतकी हळू वाढते की उतरण पुसट होते आणि चार्जर पुढे जातच राहतो. २००० च्या सेलला निदान १००० मिलिअँपिअर मिळाले तर खूण स्पष्ट उमटते. पण त्या वेगाने खूण चुकली तर सुमारे दीड वॅट उष्णता सेलमध्ये कोंडते. म्हणून चांगल्या चार्जरमध्ये सेलला टेकलेला तापमान सेन्सर आणि शेवटचा उपाय म्हणून टायमर, दोन्ही असतात. टायमर या जागी शोभतो. शेवटी सेल कोमट-गरम लागणं ठीक. हातात धरवत नसेल तर चार्जर थांबायला चुकतोय.

आणि प्रत्येक सेलला वेगळी वाहिनी हवी. दोन-दोनच्या जोडीने भरणाऱ्या चार्जरमध्ये एक सेल भरलेला आणि दुसरा रिकामा असला, तर दोघांच्या एकत्र व्होल्टेजवरून काहीच धड कळत नाही. खरेदी करताना खूण सोपी: एकच सेल टाकून चार्जर चालतो का आणि प्रत्येक खाचेला स्वतंत्र दिवा आहे का, ते बघा.

अकोला-चंद्रपूरकडच्यांना मे महिन्यात वेगळाच अनुभव येईल. खोलीच तापलेली असली की तापमान पाहणारा चार्जर लवकर थांबतो आणि सेल अर्धवट राहतो. चार्जर बिघडलेला नसतो, पहाटे लावा.

दीड व्होल्टचे, अंगातच यूएसबीचं भोक असलेले लिथियम सेल हा निराळा पर्याय. त्यांची थांबण्याची अक्कल आतल्या चिपमध्ये असते, वेगळा चार्जर बहुधा लागत नाही. मात्र ते साध्या पेन्सिल सेलच्या चार्जरमध्ये कधीही घालू नका. शिवाय बरेचसे शेवटपर्यंत दीड व्होल्ट देतात आणि मग एकदम बंद पडतात, त्यामुळे उपकरणाचा ‘बॅटरी कमी’ इशारा येतच नाही. रक्तदाब मोजायच्या यंत्रात मला ते पसंत नाहीत.

घरात फक्त रिमोट आणि भिंतीवरचं घड्याळ असेल तर रात्रभराचा साधा चार्जर आणि एनेलूपसारखे, पडून राहिले तरी चार्ज टिकवणारे सेल पुरतात. वर्षातून मोजक्या वेळा तर लावायचे. कॅमेऱ्याचा फ्लॅश, वायरलेस माइक, मुलांची खेळणी असा रोजचा वापर असेल तर चार स्वतंत्र वाहिन्यांचा स्मार्ट चार्जरच घ्या, आणि त्यात करंट निवडता येत असेल तर सगळ्यांत कमी आकड्यावर ठेवू नका.