डोमेनचं मोल कशावरून काढायचं: शोधाचे आकडे की झालेले सौदे?

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला पैठणहून मावसभावाचा फोन आला. त्याच्या घरी दोन माग आहेत, बाजारपेठेत छोटं दुकान आहे आणि आता माल ऑनलाइन विकायचं डोक्यात आहे. "दादा, एक जण पैठणी आणि साडी जोडून केलेलं डॉट कॉम द्यायला तयार आहे, ८५ हजाराला. म्हणतो, या शब्दाला गूगलवर महिन्याला हजारो सर्च आहेत. घेऊ का राहू देऊ?" पाठोपाठ व्हॉट्सॲपवर दोन फोटो आले. एकात गूगलच्या कीवर्ड प्लॅनरचा, म्हणजे कुठला शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो ते दाखवणाऱ्या साधनाचा, तक्ता होता. दुसऱ्यात डोमेनचं, म्हणजे वेबसाईटच्या पत्त्याच्या नावाचं, फुकट मूल्यांकन करणाऱ्या कुठल्याशा साईटवरचा डॉलरमधला भलामोठा आकडा होता.

मी जालन्यात दुकानदारांच्या आणि आडत्यांच्या वेबसाईटी करून देतो. असे फोन वर्षातून चार-सहा येतातच. प्रत्येक वेळी विकणाऱ्याच्या हातात सर्चचा आकडा असतो, आणि तसंच कुठलं नाव आजवर कितीला गेलं याची नोंद मात्र कधीच नसते. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, रोज उभं राहणाऱ्याला यातली मेख लगेच कळेल. आवारात किती गिऱ्हाईक फिरतंय ही एक गोष्ट. ढेरीचा सौदा किती रुपयांवर झाला ही दुसरी. पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, दुसऱ्या गोष्टीची निघते.

तरीही पहिली गोष्ट निरुपयोगी नाही. ती नीट वाचता आली पाहिजे, एवढंच.

शोधाच्या आकड्यांचा हिशेब

कीवर्ड प्लॅनर फुकट आहे, पण त्यासाठी गूगल ॲड्सचं खातं लागतं. खात्यातून जाहिरातीवर पैसे खर्च होत नसतील, तर तो नेमका आकडा देत नाही, पल्ला देतो. १०० ते १ हजार, १ हजार ते १० हजार, असा. म्हणजे खालच्या आणि वरच्या टोकात सरळ दहा पट फरक. भावाला आलेल्या फोटोतही पल्लाच होता. विकणाऱ्यानं त्यातलं वरचं टोक लाल गोल करून पाठवलं होतं.

त्या एका फरकानं काय होतं ते पाहा. समजा, शोधणाऱ्या शंभरातले पाच जण तुमच्या साईटवर आले आणि तेच लोक जाहिरातीतून आणायचे तर दर क्लिकला ६ रुपये पडले असते. १ हजार शोध धरले तर महिन्याला ५० माणसं, म्हणजे ३०० रुपयांची जाहिरात वाचली, वर्षाला ३,६००. १० हजार धरले तर वर्षाला ३६ हजार. ८५ हजार फिटायला पहिल्या हिशेबानं साडेतेवीस वर्षं लागतात, दुसऱ्यानं सव्वादोन वर्षांच्या थोडं वर. फोटो तोच, तक्ता तोच.

आणि यात एक मोठी लबाडी आपणच आपल्याशी केलेली असते. ती पाच टक्के माणसं नावामुळे आली असं आपण धरून चालतो. ती येतात साईटमुळे: फोटो, भाव, माहिती, ती किती लवकर उघडते यामुळे. एके काळी शोधाचा शब्द जसाच्या तसा डोमेनमध्ये असला की साईट वर चढायची, हे खरं. पण सप्टेंबर २०१२ मध्ये गूगलनं बदल केला आणि निव्वळ नावाच्या जोरावर वर बसलेल्या हलक्या साईटी खाली ढकलल्या. डोमेन विकणाऱ्यांची बोलीभाषा मात्र अजून २०१२ च्या आधीचीच आहे.

प्लॅनरच्या तक्त्यात ‘स्पर्धा’ नावाचा एक रकाना असतो. तो जाहिरातदारांमधली चुरस दाखवतो. साईट वर आणणं किती अवघड, हे तो सांगत नाही. त्याच्या शेजारी पानाच्या वरच्या जागेसाठी जाहिरातदार किती बोली लावतात, तिचे कमी आणि जास्त असे दोन दर असतात. माझ्या मते अख्ख्या तक्त्यातला सगळ्यात प्रामाणिक रकाना तोच, कारण तिथं कोणीतरी खिशातून पैसे काढलेले असतात.

मराठवाड्यातलीच तीन उदाहरणं घ्या. तुरीचा भाव हा शब्द हंगामात आमच्याकडे प्रत्येक शेतकऱ्याच्या फोनवर असतो. माणसं येतात, लातूरचा भाव बघतात आणि निघून जातात. विकत कोणीच काही घेत नाही. लातूरच्या शिकवणी वर्गांशी जोडलेले शब्द घ्या: शोधणारे तुरीच्या मानानं कमी, पण प्रत्येकाच्या मागं वर्षभराची फी असते, म्हणून वर्ग चालवणारे तिथं बोली चढवतात. तिसरं जालन्याची सळई. हे शोधणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. पण त्यातला एक जण ठेकेदार निघाला आणि त्यानं एक ट्रक मागवला, तर लाखांचा व्यवहार होतो. नुसता सर्चचा आकडा पाहिला तर तुरीचं नाव सगळ्यात महाग ठरेल आणि सळईचं कवडीमोल. माझ्याकडे पैसे असते तर मी बरोबर उलटं केलं असतं.

पैठणी तूर आणि सळई यांच्या मधोमध बसते. शोधणाऱ्यांत लग्नाची खरेदी करणारी आहेत, ब्लाऊजचे नमुने बघणारी आहेत, फोटो गोळा करणारी आहेत, आणि सेमी पैठणी स्वस्तात शोधणारी तर ढिगानं. हातमागाची पैठणी विणणाऱ्याला यातली पहिलीच कामाची. तक्ता ती वेगळी करून दाखवत नाही.

गावाच्या नावाचं त्रांगडं

हे मी थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडच्या लोकांना हे नेमकं नडतं आणि बाहेरच्या सल्ल्यांमध्ये ते कुठंच सापडत नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी आली आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव झालं. तेव्हापासून जुन्या नावाची डोमेनं घेऊन बसलेले लोक ‘औरंगाबाद’चे सर्च दाखवून भाव सांगतात आणि नव्या नावाची धरून बसलेले ‘पुढं हेच चालणार’ म्हणून भाव सांगतात. दोघांच्याही तक्त्यात खोट आहे.

औरंगाबाद बिहारमध्येही आहे, जिल्ह्याचं ठिकाण आहे. अख्खा भारत निवडून काढलेल्या आकड्यात तिथली माणसंही मोजली जातात. म्हणून फक्त महाराष्ट्र निवडला, तर बिहार गळतो, पण त्याबरोबर वेरूळ-अजिंठा बघायला येणारा दिल्लीचा, हैदराबादचा पर्यटकही गळतो. हॉटेलवाल्याला तर तोच हवा असतो.

नव्या नावाचं दुखणं निराळं. संभाजीनगर नावाचा भाग चिंचवडमध्ये आहे, कोल्हापुरातही आहे. वर रोमन लिपीत छत्रपती लिहायच्या तऱ्हा किती! कोणी एक एच टाकतो, कोणी दोन. कोणी संभाजी आणि नगर तोडून लिहितो, कोणी नुसतंच संभाजीनगर. शोध या सगळ्यांत वाटला जातो, त्यामुळे कुठलाही एक आकडा खऱ्या मागणीपेक्षा कमी दिसतो. डोमेन मात्र एकाच स्पेलिंगचं मिळतं. फोनवर सांगून बघा एकदा: "छत्रपतीत एच किती?" तिथंच निम्मं गिऱ्हाईक गळतं.

इथं गूगल ट्रेंड्स प्लॅनरपेक्षा कामाला येतं. ते शोधांची संख्या देत नाही. ० ते १०० अशा मापात चढउतार दाखवतं, पण रेघ २००४ पासूनची असते. जुनं आणि नवं नाव शेजारी ठेवून बघता येतं, कुठली रेघ उतरतेय, कुठली चढतेय. ८५ हजार घालताना गेल्या बारा महिन्यांच्या सरासरीपेक्षा पुढच्या पाच वर्षांचा कल जास्त मोलाचा. दवाखाना, शिकवणी, किराणा अशा स्थानिक धंद्याला मी नवंच नाव घ्यायला सांगतो. परगावच्या पर्यटकावर जगणाऱ्याला जुन्या नावाचं डोमेन मिळालं तर घ्यावं, पण त्याचा भाव दरवर्षी उतरणाऱ्या मालाचा लावावा.

झालेल्या सौद्यांच्या नोंदी

आता दुसरी बाजू. कुठलं डोमेन कधी, कितीला विकलं गेलं याची नोंद ठेवणाऱ्या जागा आहेत. नेमबायो त्यातली सगळ्यात जास्त वापरली जाणारी. शब्द टाकायचा, डॉट कॉम की डॉट इन ते निवडायचं, आणि त्या जातीची नावं कितीला गेली ते बघायचं. आपल्या ढेरीशेजारची ढेरी कितीला गेली हे विचारण्यासारखंच आहे हे, आणि म्हणून मला पटतं.

पण शेजारची ढेरी खरंच शेजारचीच हवी. विकणाऱ्यानं मावसभावाला फोनवर व्हॉइस डॉट कॉमचा दाखला दिला होता. ते २०१९ मध्ये ३ कोटी डॉलरला गेलं हे खरं आहे. पण तो जगभर चालणारा एका शब्दाचा इंग्रजी माल. पैठणी आणि साडी जोडलेल्या नावाशी त्याचा संबंध काय? बासमतीच्या भावावरून ज्वारीचा भाव काढण्यातली गत.

नोंदींच्या अडचणी तीन. मराठी शब्दांची नावं त्यात फार थोडी सापडतात, आणि डॉट इनची डॉट कॉमपेक्षा कितीतरी कमी. परस्पर, गुपचूप झालेले व्यवहार त्यात येत नाहीत. आणि तिसरी, जी माणसं हमखास विसरतात: जे विकलं गेलं तेच तिथं दिसतं. दहा वर्षं विक्रीला लावून पडून राहिलेली नावं कुठल्याच यादीत नसतात.

शिवाय तिथले बरेच भाव लिलावातले असतात, एका व्यापाऱ्यानं दुसऱ्याकडून घेतल्याचे. दुकान चालवणारा माणूस स्वतःच्या वापरासाठी घेतो तेव्हा तो जास्त देतो. आडतीचा भाव आणि किराणा दुकानातला भाव यांत असतो तसा हा फरक. मावसभाऊ दुकानवाला, म्हणून त्याला आडतीच्या भावात नाव मिळणार नाही हे मी आधीच सांगून टाकलं. पण तो भाव माहीत असला की घासाघीस कुठून सुरू करायची ते कळतं.

फुकटचं मूल्यांकन

यावर फार शाई घालवत नाही. ही यंत्रं वरचीच दोन्ही प्रकारची माहिती घेऊन आकडा काढतात. जोडून लिहिलेलं नाव आधी शब्दांत फोडतात, आणि रोमन लिपीतलं मराठी फोडताना कुठंही तोडतात. दोन साईटींवर तेच नाव टाकून बघा, दोन वेगळे आकडे येतील. विकणारा तुम्हाला त्यातला मोठा पाठवणार.

मग कोणी काय बघावं

स्वतःच्या धंद्यासाठी नाव घेणाऱ्यानं शोधाच्या आकड्यांवरून वरची मर्यादा ठरवावी आणि सौद्यांच्या नोंदींवरून बोली. म्हणजे जाहिरातीचा वाचणारा खर्च खालच्या टोकानं मोजायचा, दोन-तीन वर्षांचा धरायचा, आणि त्यापुढं एक रुपयाही जायचं नाही. घेऊन पुढं विकायचं असेल तर सर्चचे आकडे जवळजवळ बाजूलाच ठेवावेत. तिथं फक्त एकच प्रश्न: असं नाव आधी कोणी घेतलं, आणि कितीला?

दोन्हीकडे एक सापळा सारखाच आहे. एखाद्या नावाजलेल्या ब्रँडचं नाव डोमेनमध्ये असेल तर सर्चचा आकडा प्रचंड दिसतो, पण ते नाव हातात राहात नाही. डॉट इनच्या तंट्यांसाठी निक्सीची (डॉट इनचा कारभार पाहणारी संस्था), डॉट कॉमसाठी आयकॅनची (जगभरच्या डोमेनांचा कारभार पाहणारी संस्था) लवादाची पद्धत आहे, आणि ट्रेडमार्कवाला तिथं डोमेन काढून घेऊ शकतो. पैसे गेले ते गेलेच. जुनं नाव असेल तर वेबॅक मशीन या साईटींच्या जुन्या पानांच्या संग्रहात त्याचा पूर्वेतिहासही बघून घ्यावा. जुगाराची साईट चाललेल्या नावावर पैठणी विकायला जाऊ नये.

भावाला मी एक तिसराच उद्योग सांगितला. ८५ हजाराचं नंतर बघू, आधी ३ हजार रुपयांची जाहिरात त्याच शब्दावर महिनाभर चालव. खर्च सुरू झाला की प्लॅनरही पल्ल्याऐवजी जवळचा आकडा दाखवायला लागतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे शोधणारी माणसं काय मागतात ते कानांनी ऐकू येतं.

त्यानं ते केलं. फोन बरेच आले. निम्म्याहून जास्त बायकांनी सेमी पैठणी आहे का विचारलं आणि नाही म्हटल्यावर ठेवून दिला. काही जणींना फक्त मोराच्या पदराचे फोटो हवे होते. खऱ्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेकींनी हातमागाची पैठणी किंवा थेट पैठणहून असे शब्द टाकले होते. ८५ हजारवाल्या नावात यातला एकही शब्द नाही.

आता त्यानं विकणाऱ्याला वरच्या हिशेबात बसणारी बोली कळवली आहे. समोरून ‘विचार करून सांगतो’ असं आलंय. दरम्यान पैठण आणि माग हे दोन शब्द असलेलं दुसरं एक नाव त्यानं नोंदणीच्या नेहमीच्या फीमध्ये घेऊन ठेवलं, आणि काल दुकानाच्या पिशव्यांचा नमुना मला पाठवला. नाव त्यावर मोठ्या अक्षरांत होतं, फक्त छापणाऱ्यानं ‘पैठण’च्या स्पेलिंगमधला एच खाल्ला होता. दुरुस्त करून मग छापायला सांगितलंय.